साथीत घर बंद, झोप उडालेली: दिवस आणि रात्र रुळावर आणण्याची रीत

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू गोव्यात एका दिवसात संपला नाही. तो लांबला आणि २५ तारखेपासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत मिसळून गेला. सुरुवातीचे दिवस दूध, तांदूळ, कांदे कुठे मिळतील याच चौकशीत गेले. मग घराघरांतून एकच तक्रार ऐकू यायला लागली: दिवसभर घरात बसून आहे, काडीचं काम नाही, तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मे २०२१ च्या संचारबंदीत तीच तक्रार पुन्हा आली, आणि तेव्हा तर दारोदारी आजारपणही होतं.

काडीचं काम नाही म्हणूनच झोप नाही, हे फार थोड्यांनी मनावर घेतलं. बहुतेकांनी उपाय शोधले ते रात्रीसाठी. जायफळ घातलेलं दूध, तळपायाला खोबरेल, मोबाइलवर पावसाचा आवाज. यातलं काहीच वाईट नाही, पण बिघाड दिवसात असेल तर रात्री केलेल्या उपायांना मर्यादा पडते. म्हणून खालच्या पायऱ्या सकाळपासून सुरू होतात. कोविड असो, उद्याची आणखी कुठली साथ असो, नाहीतर पाय मोडून महिनाभर घरात अडकणं असो, रीत हीच.

झोप नेमकी कुठे बिघडते

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जागेपण जितकं लांब आणि अंगाला जितके कष्ट, तितका झोपेचा दाब वाढतो. दिवसभर सोफ्यावर लोळून, मध्येच दोन डुलक्या काढून रात्री दहा वाजता आडवं झालं की हा दाब पुरेसा नसतोच.

दुसरी गोष्ट मेंदूतल्या घड्याळाची. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा काही मिनिटं मागे पडतं आणि सकाळच्या उजेडानं ते रोज लावावं लागतं. ऑफिस, शाळा, बस, बाजार यांमुळे ते आपोआप लागत होतं. घराबाहेर पडणं थांबलं आणि घड्याळ रोज थोडं थोडं मागे सरकू लागलं. आज बाराला झोप, पुढच्या आठवड्यात एकला. भीती आणि पैशांची काळजी ही तिसरी गोष्ट, पण ती पहिल्या दोन बिघाडांवर स्वार होऊन येते. थकलेला माणूस काळजी असली तरी बऱ्याचदा झोपतो. न थकलेल्याला ती रात्रभर पुरते.

२०२० च्या वसंतात ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ४३५ जणांची पाहणी झाली. टाळेबंदीत लोक आधीपेक्षा किंचित जास्त वेळ झोपत होते, पण झोपेचा दर्जा मात्र घसरला होता. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधीपासून नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सतत बसून असणाऱ्यांमध्ये रुग्णालयात जाण्याचं, अतिदक्षता विभागात जाण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण बरंच जास्त निघालं. चालण्यानं कोविड होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण साथ आहे म्हणून बसून राहणं हा बचाव नव्हे, एवढं यातून कळतं.

पहिली पायरी: आठवडाभर वही

काहीही बदलण्याआधी सात दिवस फक्त लिहा. डोक्याशी जुनी वही ठेवा, अ‍ॅप नको. मनगटावरचं घड्याळ झोपेचे गुण देतं आणि ते गुण बघूनच काही लोकांची झोप उडते. रोज सकाळी अंदाजानं लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, साधारण किती वेळानं झोप लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणाबाहेर कधी पडलो. खाली एका ओळीत दुपारची डुलकी, शेवटचा चहा आणि दिवसभरात केलेली हालचाल. रात्री उठून घड्याळ बघून नोंद करायची नाही.

मग गणित करा. समजा रात्री दहाला आडवे होता आणि सकाळी सातला उठता, म्हणजे अंथरुणात नऊ तास. त्यातली खरी झोप सहा तास. सहा भागिले नऊ, म्हणजे साधारण ६७ टक्के. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर झोप ठीक चालली आहे असं समजायचं. ६७ असेल तर अंथरुणात घालवलेला वेळ फार झाला. माझ्या मते टाळेबंदीत सगळ्यात जास्त घरांत हेच झालं: दुसरं काही करायला नव्हतं म्हणून माणसं लवकर आडवी झाली आणि उशिरा उठली.

उपाय उलटा वाटेल, पण झोपतज्ज्ञ हाच सांगतात: अंथरुणातला वेळ कमी करा. खरी झोप सहा तास असेल तर अधिक अर्धा तास, म्हणजे साडेसहा तास. सकाळी सहाला उठायचं ठरवलं तर रात्री साडेअकराच्या आधी अंथरूण नाही. आठवडाभर ८५ टक्के साधले की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. अंथरुणातला वेळ सहा तासांच्या खाली मात्र नेऊ नका. ज्यांना फिट येते, ज्यांना उन्मादाचा त्रास झाला आहे, किंवा ज्यांचं काम गाडी-यंत्र चालवण्याचं आहे, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रौढाला सात तास किंवा थोडी जास्त झोप लागते, तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास. हे पोचायचं ठिकाण आहे. पहिल्या आठवड्यात तिथे पोचण्याची घाई नको.

दुसरी पायरी: उठायची वेळ पक्की, आणि लगेच उजेड

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रात्र कशीही गेली तरी एकाच वेळी उठायचं, रविवारीही. गजर लावाच, पण गोव्यात त्याहून जुनी सोय आहे. सकाळी पोदेर (पाव विकणारा) सायकलवरून भोंगा वाजवत जातो तेव्हा पाव घ्यायला मास्क लावून स्वतः खाली उतरा. जिना उतरणं, चढणं आणि सकाळचा उजेड, तिन्ही कामं एका पावात होतात.

उजेडाला पर्याय नाही. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. उघड्या आकाशाखाली सकाळी तो कित्येक हजारांत जातो, आणि जुलैतल्या भरून आलेल्या आभाळाखालीही घरापेक्षा बराच जास्त मिळतो. उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं बाहेर काढा: बलकांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत), अंगणात तुळशीपाशी, गच्चीवर, तेही नसेल तर पूर्वेच्या उघड्या खिडकीला खुर्ची लावून. सूर्याकडे बघत बसायचं नाही. चहा प्यायचा, झाडांना पाणी घालायचं, वर्तमानपत्र वाचायचं. मे महिन्यात इथे सहाच्या थोडं पुढे उजाडतं, जानेवारीत जवळजवळ सात वाजतात. थंडीत पाचला उठून दिव्याखाली बसणाऱ्यांना म्हणून फायदा कमी होतो.

वयस्कर मंडळींचं मात्र उलटं असतं. आजी संध्याकाळी आठला पेंगते आणि पहाटे साडेतीनला टक्क जागी होऊन देवघरात खुडबुड करते. तिचं घड्याळ पुढे पळतंय. तिला भर पहाटेचा उजेड नको, संध्याकाळी पाच-सहाचा हवा. सूर्य मावळेपर्यंत तिला बाहेर बसवा, तेव्हाच चार फेऱ्या मारू द्या, आणि जेवणानंतर तासभर बोलतं ठेवा.

तिसरी पायरी: घरातल्या घरात चालणं

जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमाचा व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं. १५० चा आकडा ऐकून घाबरायला होतं. पाच दिवसांत वाटला तर रोज अर्धा तास, आणि तो अर्धा तासही दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून चालतो.

मध्यम म्हणजे किती? मिनिटाला साधारण शंभर पावलं. मोजायचा कंटाळा असेल तर चालता चालता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग गाता येता कामा नये. गाता येत असेल तर वेग वाढवा. बोलतानाही धाप लागत असेल तर कमी करा.

मिरामार, कांपाल ही पणजीतली फिरायची ठिकाणं बंद होती तेव्हा फ्लॅटमध्ये चालायचं कसं, हा प्रश्न खरा होता. रस्ता आखावा लागतो. मुख्य दारापासून हॉलमधून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जाऊन परत, असं मोजलं तर दोन बेडरूमच्या घरात बारा मीटर सहज भरतात. आधी टीपॉय भिंतीला लावा, पायपुसणी गुंडाळून ठेवा, चार्जरच्या वायरी उचला. एकाच दिशेनं गोल गोल फिरलं की गरगरतं, म्हणून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ता धरा: एका खुर्चीला डावीकडून वळसा, दुसरीला उजवीकडून. वळणांवर वेग पडतोच, तरी दहा मिनिटांत पन्नासेक फेऱ्या, म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास होतात. मोजण्यासाठी एका वाटीत दहा चिंचोके घ्या. दर पाच फेऱ्यांना एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की एक तुकडा संपला. हे पोरखेळ वाटेल, पण मोबाइलवर पावलं मोजायला गेलं की हातात मोबाइल येतो आणि चालणं थांबतं.

अनवाणी चालू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लादीला घाम येतो आणि ती काचेसारखी गुळगुळीत होते. घरात फिरायला रबरी तळाचे बूट वेगळे ठेवा. बाहेरचे घरात आणायचे नाहीत, एवढी शिस्त साथीनं सगळ्यांना लावली आहेच. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याच्या फेऱ्या टाळाव्यात, विशेषतः उतरणं.

ज्यांच्याकडे अंगण आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, त्यांना व्यायामाचा वेगळा विचार करायला नको. सुपाऱ्या वेचणं, झावळ्या ओढून आणणं, आळी करणं, विहिरीतून कळशीभर पाणी रहाटानं काढणं, हे सगळं मोजायचं. एप्रिल-मे म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्यासाठी साठवण करायचे दिवस. आमसुलं उन्हात घालायची, मिरच्या उलटायच्या, आभाळ आलं की धावत आत आणायच्या. घरातल्या बायांची दिवसाची पावलं यातच होतात, आणि पुरुष मात्र बलकांवातल्या सोप्यावर (बाकावर) बसून "आज चालणं झालं नाही" म्हणतात! वाटणी करा, दोघांची झोप सुधारेल.

बसण्याबद्दल एकच सांगायचं. सकाळी अर्धा तास चाललात म्हणून पुढचे दहा तास लॅपटॉपसमोर बसायला मोकळीक मिळत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं. फोन आला की उभं राहून बोलायचं, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवायची.

ताकद, तोल आणि फुगडी

ताकदीसाठी साधनं लागत नाहीत. खुर्चीवर बसून हात छातीवर दुमडायचे, हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. मग भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून भिंतीला हात टेकून दहा जोर. मग सोललेले दोन-दोन नारळ पिशव्यांत घालून कोपरातून वर-खाली दहा. एवढं झालं की पाणी प्या आणि पुन्हा एकदा सगळं करा. आठवड्यातून दोन दिवस पुरे. शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत. जात नसतील तर पिशवीत नारळ वाढवा. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, फक्त गुडघे-कंबरेचं दुखणं आणि वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी विचारून.

पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोलाचा व्यायामही हवा. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे उभं राहायचं, मग दुसऱ्या. धरलेला हात हळूहळू एका बोटावर आणायचा. टाच आणि चवडा एका रेषेत ठेवत कॉरिडॉरमधून चालायचं, शेजारी घरातलं कुणी असताना. महिनोन् महिने घरात बसलेली वृद्ध माणसं निर्बंध उठल्यावर पहिल्यांदा बाहेर पडली की पडतात, आणि खुब्याचं हाड मोडलं तर साथीपेक्षा ते भारी पडतं.

मुलांना मात्र व्यायाम सांगू नका. फुगडी घाला. गोव्यातल्या कुठल्याही घरात आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला तरी फुगडी येतेच. दोन मिनिटांत धाप लागते, घाम येतो आणि ऑनलाइन वर्गाचा कंटाळा जातो. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर हे नको, कारण हात हातात आणि तोंड समोरासमोर. २०२० मध्ये सत्तरी-सांग्याकडच्या काही मुलांना नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसावं लागलं. त्यांच्या चढण्याचं कौतुक करावं असं त्यात काही नाही, पण ऊन आणि चढण शहरातल्या मुलांपेक्षा त्यांच्याच वाट्याला जास्त आली.

चौथी पायरी: दुपार

हा आपला खास गोंयकारी विषय. इथे दुपारी एकनंतर दुकानं बंद होतात ती चारला उघडतात, आणि शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) पोटात गेल्यावर डोळे मिटणं हा हक्क मानला जातो. मी या हक्काच्या विरोधात नाही. पण कामाच्या दिवसांतली अर्ध्या तासाची वामकुक्षी टाळेबंदीत अडीच तासांवर गेली आणि रात्रीची झोप दुपारीच खर्च झाली.

वीस मिनिटं, फार तर तीस. दुपारी तीनच्या आत. खुर्चीत मागे रेलून किंवा सोप्यावर. पलंगावर नाही, पंखा फुल आणि पडदे ओढून तर नाहीच. तीस मिनिटांपुढे गेलं की गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं तासभर जड राहतं. वहीत तुमचा आकडा ८५ च्या खाली असेल, तर दोन आठवडे दुपारची डुलकी पूर्ण बंद ठेवून बघा. जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या त्या बारा मीटरच्या रस्त्यावर रमतगमत चाललं तर पेंग बरीच ओसरते, आणि मधुमेह असणाऱ्यांची जेवणानंतरची साखरही आटोक्यात राहते.

चहाचा हिशेब इथेच. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि त्याचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरा-बाराला तुमच्यासोबत जागं असतं. शेवटचा चहा दुपारी तीनचा. चारला हात शिवशिवलाच तर कोकमाचं सरबत.

दारूनं झोप लवकर लागते खरी, पण ती उतरताना उत्तररात्रीची झोप फोडते. पहाटे तीनला घसा कोरडा आणि डोळे उघडे. मार्च ते मे उर्राकाचा (काजूच्या रसाच्या दारूचा) हंगाम, आणि पहिली टाळेबंदी नेमकी त्यातच आली होती. झोपेसाठी म्हणून घ्यायची सवय लागत असेल तर ती त्याच आठवड्यात तोडा.

पाचवी पायरी: संध्याकाळ ते अंथरूण

जोमाचा व्यायाम झोपायच्या आधी दोन तास संपवा. संध्याकाळी अजिबात व्यायाम करू नये हा समज आहे, त्याला फारसा आधार नाही. हलकं चालणं, ताणाचे व्यायाम रात्रीही चालतात. नाडी धावत असताना आणि अंग तापलेलं असताना आडवं व्हायचं नाही, एवढंच.

बातम्या एकदाच. साथीत रोज निघणारं आरोग्य बुलेटिन संध्याकाळी बघा आणि सातनंतर तो विषय घरात बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे आणि मृत्यूचे आकडे यांतलं काहीही सकाळपर्यंत थांबू शकतं. काळज्या डोक्यात फिरतच असतील तर जेवणाआधी दहा मिनिटं त्या कागदावर उतरवा: कर्जाचा हप्ता, जहाजावर अडकलेला मुलगा, आईची औषधं. प्रत्येकीसमोर उद्या करायचं एक काम लिहा, नसेल तर रेघ मारा.

झोपेआधी तास-दोन तास कोमट पाण्यानं अंघोळ करा. अजून न्हाणीत भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) असलेल्यांना हे सुख आयतंच आहे. गरम पाण्यानं हातापायांच्या कातडीकडे रक्त येतं, मग शरीर आतून थंड होत जातं आणि झोप त्या उतरणीवर येते. अंघोळ करून लगेच पडण्यात हा फायदा मिळत नाही.

खोली थंड, काळोखी आणि शांत हवी असं सगळे सांगतात. मे महिन्यात गोव्यात हे कसं करायचं? एसी असेल तर २४-२६ वर आणि पंखा मंद. नसेल तर ऊन चढायच्या आधी पश्चिमेच्या खिडक्या बंद, आणि रात्री वारं सुटलं की समोरासमोरच्या दोन उघड्या. संध्याकाळी डासांमुळे दारं लावून घ्यायची आपली सवय बरोबरच आहे, पण मग रात्रभर घर उकडतं. यावर मच्छरदाणी हा अजूनही सगळ्यात चांगला उपाय. ती असली की खिडक्या उघड्या ठेवता येतात, आणि मान्सूनपूर्व सरींत वीज गेली तरी निभावतं. फोमची गादी तापते. तिच्यावर जुनी सुती गोधडी घाला किंवा लादीवर चटई टाकून झोपा.

पलंग फक्त झोपेसाठी. एका खोलीत ऑफिस, जेवण आणि झोप असणाऱ्यांना हे अवघड जातं. हॉटेलच्या खोलीत चौदा दिवस विलगीकरणात काढलेल्या खलाशांनाही तेच अवघड गेलं. अशा वेळी खोली कापडानं वाटा. दिवसा पलंगावर जाड चादर अंथरून उशा कपाटात ठेवायच्या, खुर्चीवरच बसायचं. रात्रीच चादर काढायची. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला, म्हणजे सकाळी गजर बंद करायला उठावंच लागतं.

मध्येच जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटं झोप येत नाही असं वाटलं, तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली बसा, पाठ असलेलं काहीतरी वाचा किंवा गवार निवडा. डोळे जड झाले की परत या. पुन्हा जाग आली तर पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात याचा वैताग येतो, कारण सकाळी उठायची वेळ बदलायची नसते.

आजार घरात आला तर

वरचं सगळं धडधाकट माणसासाठी होतं. ताप, छातीत दुखणं, धाप, अंग मोडून येणं यांपैकी काही असताना व्यायाम नाही. "घाम काढला की ताप जातो" हे कोविडमध्ये धोक्याचं आहे. अंथरुणावरच घोटे फिरवणं, दर तासाला उठून बसणं, शौचालयापर्यंत चालणं, एवढंच. झोप हवी तेवढी घेऊ द्या, वही बाजूला ठेवा.

घरी विलगीकरणात असलेल्या आणि बसल्या जागी धाप नसलेल्या रुग्णासाठी सहा मिनिटांची चाल उपयोगी पडते. ऑक्सिमीटरवर (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा बघायचा (९४ किंवा वर असेल तरच पुढे), सपाट लादीवर सहा मिनिटं नेहमीच्या वेगानं चालायचं, साठीपुढच्यांनी तीन मिनिटं, आणि लगेच पुन्हा आकडा बघायचा. तो ९४ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा धाप लागली तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन, किंवा १०८. नखांना मेंदी, नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार असतील तर यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं.

रात्री रुग्णाजवळ जागणाऱ्यांनी एकट्यानं जागू नये. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह जुन्या काळच्या एका साथीतून सुरू झाला असं सांगतात. तिथल्या अखंड भजनाला जशा पाळ्या लावतात तशा घरातही लावा. दहा ते दोन एक, दोन ते सहा दुसरा, आणि दोघांच्याही सलग झोपेचे चार तास कुणी मोडायचे नाहीत.

बरं झाल्यावरची घाई जास्त महागात पडते. सौम्य आजार झाला असेल तरी लक्षणं पूर्ण थांबून सात दिवस गेल्यावरच व्यायामाला हात घाला, आणि पहिले दोन आठवडे रमतगमत चालणं, श्वसनाचे व्यायाम, हलके ताण याच्या पुढे जाऊ नका. छातीत दुखलं, धडधडलं किंवा भोवळ आली तर थांबून डॉक्टरांकडे. या आजारात हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची उदाहरणं आहेत. काहींना चालताना छान वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतकं गळून जातं की ताटावरून उठवत नाही. अशांनी "थोडं थोडं वाढवा" हा सल्ला ऐकू नये. जेवढ्यानं दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही तेवढंच करायचं, दमण्याआधी बसायचं, आणि हे डॉक्टरांना सविस्तर सांगायचं. याला आळस म्हणणारे नातेवाईक भेटतात, त्यांना हा परिच्छेद दाखवा.

रात्रपाळीवाले

परिचारिका, पोलीस, वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांतले कामगार यांना सकाळच्या उजेडाचा नियम उलटा लावायचा. पाळी संपवून घरी येताना गडद चष्मा, आल्यावर हलकं खाणं, काळा पडदा आणि झोप. जमेल तर एकसंध, नाहीतर सकाळी साडेचार तास आणि पाळीआधी दीड तास. चालणं पाळीला जाण्याआधी. दुचाकीवर डुलकी येत असेल तर बाजूला घेऊन पंधरा मिनिटं झोपा. मालवाहू ट्रकांच्या रस्त्यावर धाडस नको.

डॉक्टरांकडे कधी

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडत असेल, आणि असे तीन महिने गेले, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर गोळ्यांआधी वर्तन आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती सुचवली जाते, वरची वही आणि अंथरुणाचे नियम त्यातलेच. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर चालण्यानं ते जाणार नाही, तपासणी लागते. उदास वाटणं, जगणं नकोसं होणं असेल तर तीन महिने थांबायचं नाही: १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहेच. झोपेच्या गोळ्या आधीच सुरू असतील तर हा लेख वाचून त्या अचानक बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना वही दाखवून हळूहळू कमी करायच्या, कारण एकदम सोडल्या तर पहिल्या काही रात्री आधीपेक्षाही वाईट जातात.